शालनकाकीचा आवाज, प्रमोदची डिकी

प्रमोद ढमालेच्या गाडीत ॲम्प्लिफायर बसवला त्या दिवसापासून शालनकाकीचा आवाज तिच्या तोंडातून न निघता त्या गाडीच्या डिकीतून निघायला लागला, आणि हे गावात एकालाही खरं वाटेना. वाटणार कसं? काकीनं तक्रार सांगायला तोंड उघडलं की तक्रार वाजायची गाडीत, आणि गाडी असायची तालुक्याला. गावातल्यांना नुसतं तोंड हलताना दिसायचं. "काकी, दाढ दुखतीय काय?" म्हणायचे. तिचं उत्तर पेट्रोल पंपावरच्या माणसांनी ऐकलं. ते सांगण्यासारखं नाही.

काकी सुकट-बोंबील विकायची. डोक्यावर पाटी घेऊन वरच्या आळीत हाक दिली की खालच्या आळीतल्या बाया ताटल्या घेऊन उंबऱ्यात यायच्या. आता ती दारांवरून मुकी जायची आणि एक दार उघडायचं नाही. तिकडं बँकेपुढं उभी असलेली प्रमोदची गाडी "बोंबील घ्या, जवळा घ्या" म्हणून ओरडायची. बाया पिशव्या घेऊन डिकीभोवती जमायच्या आणि आत मासळी नाही म्हटल्यावर प्रमोदचा उद्धार करायच्या. प्रमोदनं सोसलं. गाणी झकास वाजतात, एवढंच त्याचं म्हणणं.

नवव्या दिवशी पाटीतल्या जवळ्यात किडे पडले. काकी उठली आणि प्रमोदच्या दारात उभ्या गाडीच्या चाकापुढं मांडी घालून बसली. शाळा चौथीपर्यंतच झालेली, पण अर्ज तिनं स्वतः लिहिला: "माझा आवाज द्या. मग गाडी न्या."

तंटामुक्ती समितीची बैठक सकाळी दहाला समाजमंदिरात भरली. अध्यक्ष भगवानतात्या, म्हणजे प्रमोदचे सख्खे चुलते. अर्जदाराचं म्हणणं ऐकू यावं म्हणून गाडी दारापाशी आणून, डिकी आतल्या बाजूला करून, किल्ली फिरवून ठेवली होती.

"अर्जदारानं बोलावं," तात्या म्हणाले.

काकीनं तोंड उघडलं. "मुडद्यांनो, नऊ दिवस झालं!" असं बाहेरून डिकी म्हणाली. खिडक्यांची तावदानं थरथरली.

"जरा हळू."

"हळूच बोलतीय मी. बटण कमी करायला सांग तुझ्या लाडक्या पुतण्याला."

बटण कमी केलं. ग्रामसेवकानं तशी नोंद घेतली.

मग फाट्यावरच्या साउंडच्या दुकानातला उत्तम लोणकर पुढं आला. ॲम्प्लिफायर त्यानंच बसवला होता.

"काकीचा आवाज का जोडलास?" तात्यांनी विचारलं.

"ऑर्डर तशी होती." उत्तमनं खिशातून वही काढून वाचलं. "स्पीकर दोन, वूफर एक, वायर तांब्याची. आवाज, शालनकाकीसारखा."

"काकीसारखा म्हणजे काकीचाच का रे?" प्रमोद उसळला.

"सारखा कुठं मिळेना. कऱ्हाडला विचारलं, सांगलीला विचारलं. मग मूळचाच बसवला. काकी दुकानापुढून हाक देत चाललीच होती."

सभेला हे पटलं. उत्तमचं काम चोख आहे असं लिहून घेतलं.

"आगं बया, चोख म्हणे! काढ की मग तो!" डिकी कडाडली.

"काढतो. पण मशीन रिकामं ठेवता येत नाही, जळतं. एक काढला की दुसरा घालावा लागतो. ऑर्डर ज्याची, आवाज त्याचा. आमच्या धंद्यात तसंच आहे."

सगळ्यांनी प्रमोदकडं बघितलं. प्रमोद घाईनं उठला. "मी फक्त मोठा पाहिजे म्हणलो. कसा, ते मी नाही सांगितलं. शेजारच्या सीटवरच्या माणसानं सांगितलं."

"कोण होतं शेजारी?" ग्रामसेवकानं विचारलं.

प्रमोद पंख्याकडं बघायला लागला.

"सांगणाऱ्याची सही घेतो मी," उत्तम म्हणाला आणि वही पुढं केली.

ग्रामसेवकानं सही वाचली, चष्मा पुसून परत वाचली आणि वही अध्यक्षांपुढं सरकवली. "दोषीचं नाव अध्यक्षांनीच वाचायचं असतं, तात्या."

तात्या म्हणाले, "पुढच्या बैठकीत बघू."

"तोवर माझा जवळा तू खाणार का, भगवान?" डिकीनं विचारलं. "सगळ्यांपुढं वाच."

तात्या पाणी प्यायले. त्यांनी टोपी काढली, परत घातली. तेवढ्यात उत्तम पेचकस घेऊन बाहेर गेला, दोन स्क्रू फिरवले, बटण परत वाढवलं, आणि वायरीचं टोक ओढत आणून अध्यक्षांच्या खुर्चीला गुंडाळलं.

"मेल्यानं अजून तोंड उघडलं नाही," काकी म्हणाली. हे तिच्याच तोंडातून आलं. तिनं गळ्याला हात लावून बघितला, पदर खोचला आणि तात्यांच्या समोर जाऊन उभी राहिली.

तात्या वही घेऊन उठले. त्यांचे ओठ हलले. तोंडातून मात्र काही आवाज आला नाही. दारातली डिकी बोलली, आणि दोन्ही आळ्यांना स्पष्ट ऐकू गेलं:

"दोषी, भगवान गणपती ढमाले."