सिस्टरची शेवटची केस

आमच्या कळंबच्या एस.टी.त मांजराला खिडकीची जागा मिळायची. कंडक्टरची काय बिशाद नाही म्हणायची! गायकवाड सिस्टर पिंजरा मांडीवर घेऊन त्यालाच दटावायच्या, "पेशंट हाय. वारं लागू दे तिला."

सिस्टर सरकारी दवाखान्यातून रिटायर झालेल्या. लग्न केलं नाही. उभ्या नोकरीत एकच ध्यास, कुटुंबनियोजन. आसपासच्या वाड्यावस्त्यांवरच्या बाया हाताला धरून ऑपरेशनला नेल्या. मीसुद्धा त्यांचीच केस. रिटायर झाल्यावर बाया संपल्या, म्हणून बाई मांजरांकडे वळल्या. आता बोला!

तसं कारण होतं. गल्लीत मांजरांचा सुळसुळाट झाला होता. किराणावाल्या शेठनी जाहीर केलं, "दिवाळीपर्यंत बंदोबस्त झाला न्हाय, तर पोत्यात घालून कॅनॉलपल्याड सोडणार."

सिस्टरनी पदर खोचला. "पोतं बिलकूल न्हाय. पिल्लंच झाली न्हाईत तर भांडण कशाचं? माज्यावर सोडा."

वेल्डरकडून पिंजरा करून घेतला. आत सुकट ठेवायची. मांजर शिरलं की दार धाडकन खाली. लगेच वर चादर. "बाईमाणूस हाय, उघड्यावर नेऊ का?" बोकेही सुटले नाहीत. "दर बारीला बायांनीच का सोसायचं?" नोकरीभर गिळलेला राग बिचाऱ्या बोक्यांवर निघाला.

बारामतीचे जनावरांचे डॉक्टर गाईम्हशींत रमलेले. पहिलं मांजर बघून म्हणाले, "बाई, घरी न्या हिला." सिस्टर बाकावरून हलल्याच नाहीत. शेवटी डॉक्टरच हलले.

ऑपरेशननंतर पेशंटचा मुक्काम सिस्टरच्या खोलीत. दूधभाकरी, मऊ गोधडी आणि दम, "टाके ओले हायत, उड्या मारायच्या न्हाईत." आठव्या दिवशी मात्र जिथून उचललं तिथंच नेऊन सोडायचं. मी एकदा म्हटलं, "एखादं ठिवा की, सोबत हुईल." तर माझ्यावरच खेकसल्या, "केस कुणी घरात ठेवतं व्हय? बरी झाली की आपल्या घरी जायचं!"

सगळी झाली, एक रंगी तेवढी राहिली. तिरंगी, महाबिलंदर. सुकट नाही, बोंबील नाही, उकडलेलं अंडं नाही. दिवाळी तोंडावर आली आणि शेठनी रिकामं पोतं दुकानाच्या दारात टांगलं. सिस्टरचं जेवणावरचं मन उडालं. मलाही त्या शेठचा असा राग आला म्हणता!

मग सिस्टरनी जुनाच मार्ग धरला. आडून बसलेल्या बाईच्या उंबऱ्यावर बसायच्या, तशा पिंजऱ्याशेजारी फतकल मारून बसल्या. रोज निवडणं-टिपणं तिथंच, आणि रंगीशी गप्पा. "मी हाय हितं. भ्यायचं न्हाय." ऑपरेशनच्या टेबलावर माझा हात धरून त्या हेच म्हणाल्या होत्या. मला तेव्हा केवढा धीर आला होता! एका दुपारी रंगी वास घेत घेत आत गेली.

शेठनी पोतं काढलं, वर पेढे वाटले. गल्ली निर्धास्त झाली. पकडायला आता एकही मांजर उरलं नव्हतं.

संक्रांतीला तिळगूळ घेऊन गेले, तर सिस्टरच्या मांडीवर रंगी ऐसपैस पसरलेली. पोटावर टाक्यांच्या जागी दाट लव उगवलेली. सिस्टर चपापल्या. घाईघाईनं तिच्यावर पदर ओढून म्हणाल्या, "टाके ओले हायत गं हिचे अजून."

मी वाकून नीट बघितलं.

"व्हय की सिस्टर," मी म्हटलं, "लईच ओले हायत. एवढ्यात सोडू नगा."