हिम्मतरावांच्या नावावरचा गोल्फ

युवराजच्या हैदराबादेतल्या, चिक्कडपल्लीतल्या घरात सगळं वडिलांच्या नावावर होतं. विजेचं मीटर, गॅस, नळ, पेपर. त्यामुळे युवराजनं टीव्हीला जोडायचा गेम आणला, तेव्हा त्याचं खातंही 'हिम्मतराव' याच नावानं उघडलं. दुसरं काही सुचण्याइतकी त्या घरात कुणाला मुभा नव्हती.

गेम गोल्फचा होता. युवराजला गोल्फची आवड नव्हती, मॅनेजर व्हायची हौस होती. त्याच्या कंपनीचे मोठे साहेब, हर्षद, पुण्याहून आले होते आणि कँटीनमधल्या मोठ्या पडद्यावर रोज गोल्फ खेळायचे, तेही सगळ्यात अवघड पातळीवर. "सोपं खेळणारा माणूस अवघड क्लायंट काय सांभाळणार?" असं ते म्हणायचे. महिनाअखेर स्पर्धा होती. त्यानंतर मॅनेजरचं नाव जाहीर होणार होतं. नावं दोनच होती, युवराज आणि सारंग.

युवराज रोज संध्याकाळी अवघड पातळी लावून बसे. चेंडू रोज तळ्यात जाई. त्याच वेळी आईची, म्हणजे तारामतींची, पोथी चालायची, म्हणून टीव्हीचा आवाज बंद. चेंडू बुडाल्याचा आवाजही त्याच्या नशिबी नव्हता. तो रिमोट सोफ्यावर आपटायचा.

"लाइट घे रे, एवढं मनावर घेऊ नको," हिम्मतराव म्हणायचे. दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आल्यापासून त्यांचा उजवा हात थरथरायचा. कपातला निम्मा चहा बशीत यायचा. मग ते बशीतूनच प्यायचे.

"बाबा, तुम्हाला काय कळायलंय ह्यातलं?"

"हौ, ते बी खरंय."

दुपारी मात्र रिमोट त्यांच्याच हातात असायचा. "करमत नाही त्यांना, खेळू द्या की," युवराजची बायको शिल्पा म्हणाली.

"खेळू दे. पण माझा रेकॉर्ड बिघडवू नका म्हणावं."

आणि एका गुरुवारी चमत्कार झाला. युवराजचा चेंडू तळ्यावरून गेला, झाडाला वळसा घालून भोकात पडला. पुढचाही पडला. शनिवारपर्यंत त्याचं बोलणं बदललं. "मनगट सैल सोडायचं असतं," असं तो भाजीवाल्यालाही सांगू लागला.

स्पर्धेच्या दिवशी त्यानं आपलं घरचंच खातं उघडलं. साहेबांना रेकॉर्ड दिसावा म्हणून. पातळी सगळ्यात अवघड. दीडशे माणसं आणि समोर समोसे.

अंतिम सामना साहेबांशी होता. सारंग कानात म्हणाला, "हार जा रे हौले, येड्यासारखं करू नको, साहेब आहेत ते."

"टॅलेंट लपवता येत नाही," युवराज म्हणाला आणि साहेबांना नऊ फटक्यांनी हरवलं.

टाळ्या थांबल्या आणि कँटीनमधले स्पीकर बोलू लागले. घरी आवाज बंद असल्यामुळे हा आवाज युवराजनं कधी ऐकलाच नव्हता. विमानतळावरच्या बाईच्या स्वरात, इंग्रजीत, निकाल वाचला जात होता.

"अभिनंदन, हिम्मतराव. चालू असलेली मदत: थरथरत्या हातासाठी आधार. कमी दिसणाऱ्यांसाठी आपोआप नेम. मंद प्रतिक्रियेसाठी हळू वेळ. निकाल वाचून दाखवणे."

कुणीतरी समोसा चावायचा थांबला.

"लबाडी?" साहेबांनी विचारलं.

"सर, ते वडिलांचं... म्हणजे त्यांचा हात..."

एचआरच्या मेधा मॅडम पुढे आल्या. गेले वर्षभर 'सर्वसमावेशक कंपनी'च्या पोस्टरसाठी त्यांना माणूस मिळत नव्हता. "युवराज, आपल्या त्रासाला वडिलांचं नाव द्यायची गरज नाही. नाकारणं हा पहिला टप्पा असतो. किती दिवसांपासून आहे?"

युवराजसमोर दोनच वाटा होत्या: लबाड ठरायचं किंवा आजारी. त्यानं उजवा हात जरासा हलवला.

साहेबांचे डोळे भरून आले. लबाडाकडून हरणं अपमान होता, आजाऱ्याकडून हरणं मोठेपणा. त्यांनी युवराजला मिठी मारली. फोटो निघाला.

चार वाजता मेल आली. युवराजच्या प्रकृतीचा विचार करून त्याच्यावर जादा जबाबदारी टाकण्यात येणार नव्हती. मॅनेजर सारंग झाला. युवराजला मऊ खुर्ची मिळाली.

घरी येताच त्यानं बॅग फेकली. "बाबा, तुमच्या त्या मदतीनं माझं वाटोळं झालं! थरथर, नेम, सगळं चालू ठेवलंत माझ्या खात्यात!"

हिम्मतराव पडद्यासमोर बसले होते. शिल्पानं नजर चुकवत पदरानं तोंड पुसलं.

"माझी कुठली मदत?" ते म्हणाले. "तुझा रेकॉर्ड बिघडू नये म्हणून मी तर शिल्पाच्या नावावर खेळतो. तिथं मदत-बिदत काही नाही. आठ दिवसांत एक भोक झालं. बास की मला."

"मग माझ्या खात्यात चालू कुणी केलं?"

"मीच सांगितलं शिल्पाला. रोज रिमोट आपटायलास, तोंड एवढंसं करायलास. म्हटलं, पोट्ट्याला जमंना, काय असेल तितकी मदत लावून दे. आणि त्याला सांगू नको, मन मोडंल."

युवराज सोफ्यावर बसला. आत पोथी चालू होती.

हिम्मतरावांनी थरथरत्या हातानं फटका मारला. चेंडू तळ्यात गेला. त्यांनी समाधानानं बशी उचलली, आणि तेव्हा त्यांचं लक्ष मुलाकडे गेलं.

"अरे," ते काळजीनं म्हणाले, "तुझा हात का हलायलाय?"