तक्रार मंगळवारीच करावी

झाशीच्या सिविल लाइंसमधल्या मराठी वृद्धाश्रमाला सरकारी खात्याची नोटीस आली. दोन महिन्यांत कारभार सुधारा, नाहीतर आश्रम बंद. सेक्रेटरी गोविंदरावांनी धावत जाऊन नीलकंठरावांना गाठलं आणि आश्रमाचा कारभार त्यांच्यावर सोपवला. ते जवळच्याच मोठ गावी स्टेशनमास्तर होते, नुकतेच रिटायर झालेले, घरात एकटे. असा मोकळा आणि कडक माणूस अख्ख्या झाशीत दुसरा नव्हता.

नीलकंठरावांनी आल्या आल्या तक्रारवही चाळली. थंड चहा, चुकलेलं औषध, ओली न्हाणी, हाक मारूनही कोणी येत नाही. वही भरून दुसरी सुरू झाली होती. त्यांनी निष्कर्ष काढला की इथं तक्रारीच फार आहेत. दुपारी भिंतीवर सूचना लागली: ‘तक्रार फक्त मंगळवारी, दहा ते अकरा, लेखी, दोन प्रतींत, वरच्या मजल्यावरील ऑफिसात.’

“वरच्या मजल्यावर?” चौऱ्याहत्तर वर्षांच्या यमुनाबाई कडाडल्या. “अहो मास्तर, आमच्यातली निम्मी माणसं खाटेवरून उतरत नाहीत!”

“शिस्त म्हणजे शिस्त, यमुनाबाई. उद्या प्रवासी म्हणतील, गाडी आमच्या दारात आणा.”

पहिल्या मंगळवारी अकरा वाजेपर्यंत एकही तक्रार आली नाही. नीलकंठराव खुशीत खाली उतरले, हात धुवायला न्हाणीत शिरले आणि धाडकन आडवे झाले. पाय मोडला. पाच आठवड्यांचं प्लास्टर. घरी पाणी द्यायलाही कोणी नाही, तेव्हा गोविंदरावांनीच तोड काढली, “इथंच राहा की मास्तर, एक खाट रिकामीच आहे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी नीलकंठरावांनी हाक मारली. मग आरोळी ठोकली. तासाभराने रामदुलारी धापा टाकत आली. चौदा म्हाताऱ्यांचं सगळं ती एकटी करायची.

“का करें बाबूजी, हाथ तो दोई हैं,” ती म्हणाली. “मुन्नी तो सेक्रेटरी साहब के घर रोटी बनाती है।”

“आश्रमाची बाई गोविंदरावांच्या घरी पोळ्या लाटते?”

“छह महीने से।”

नीलकंठरावांचा चेहरा लालबुंद झाला. “हा काय तमाशा आहे! माणसं आहेत की पार्सलं? मला तक्रार नोंदवायची आहे, आत्ताच्या आत्ता!”

“आज बुधवार,” शेजारच्या खाटेवरून यमुनाबाई म्हणाल्या. “आणि दोन प्रती करा. जिना डाव्या हाताला आहे.”

नीलकंठरावांनी भिंतीवरच्या आपल्या सूचनेकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, “यमुनाबाई, तो कागद फाडा.”

यमुनाबाईंनी तो फाडला, चुरगळला आणि वर पायाखालीही घेतला. मग नीलकंठरावांनी आपली खाट दिवाणखान्याच्या मधोमध सरकवून घेतली आणि एकेकाला विचारून सगळं लिहून काढलं. तिसऱ्या प्रहरी गोविंदराव आले.

“मुन्नी उद्या इथं दिसली पाहिजे,” नीलकंठराव गरजले.

“अहो, पण आमच्या हिची कंबर…”

“तर वहिनींनाही इथंच आणा. चौदा झालेत, पंधरावी खाट घालू!”

मुन्नी दुसऱ्या दिवशी सकाळी हजर झाली. वहिनींनी मात्र नीलकंठरावांचं नाव टाकलं.

कामं कुणी आणि कशी करायची, हे यमुनाबाईंनी ठरवलं. आधी औषधं, मग चहा. न्हाणी धुतली की लगेच कोरडी करायची. जे उठू शकत नाहीत त्यांच्या खाटेशी घंटी. चालत्याफिरत्या माणसांनी भाजी निवडायची. “आम्ही म्हातारे आहोत, पाहुणे नाही,” असं त्यांनी दोन आजोबांना दटावलं. महिन्याभरात आश्रमात चहा वाफाळता मिळू लागला आणि लोक एकमेकांशी भांडण्याइतके ताजेतवाने झाले.

दोन महिने संपले तसे खात्याचे साहेब आले. त्यांनी न्हाणी पाहिली, स्वयंपाकघर पाहिलं, औषधांचा तक्ता पाहिला, घंटी वाजवून पाहिली. मुन्नी आणि रामदुलारी दोघीही धावत आल्या.

“बहुत बढ़िया,” साहेब म्हणाले. “नोटिस वापस। लेकिन एक ज़िम्मेदार आदमी का नाम चाहिए, जो आगे भी देखे।”

नीलकंठरावांनी काठी टेकून सदऱ्याची कॉलर नीट केली. पण बाकीच्या सगळ्यांनी एका सुरात यमुनाबाईंचं नाव घेतलं. साहेबांनी ते लिहूनही टाकलं.

“मी?” यमुनाबाई संतापल्या. “जन्मभर चुलीपुढे राबले, इथं मी आराम करायला आलेय! कोणी विचारलं मला? काही रीतभात आहे की नाही?” त्या तशाच तणतणत साहेबांकडे वळल्या. “आणि तुम्ही हो भैया, चप्पल घालूनच स्वयंपाकघरात शिरलात? काढा आधी.”

साहेबांनी मुकाट्याने चप्पल काढली.