दोन 'हुं' आणि बरेच 'च्'

सफाईदादांनी मंगळवारी सकाळी साडेदहाला एका मुलीची दीड वर्षाची मेहनत पुसून टाकली, आणि काम चोख झालं म्हणून वर चहा मागवला.

स्टुडिओत त्यांना सगळे सफाईदादाच म्हणत. रेकॉर्ड झालेल्या गाण्यातले नको ते आवाज काढायचे, हे त्यांचं काम. श्वास, ओठांची चकचक, आवंढा, खाकरणं, काही म्हणून त्यांच्या कानातून सुटत नसे. बावीस वर्षांत भल्याभल्या गायकांना त्यांनी श्वास न घेणारे करून सोडलं होतं. घरीही तीच तऱ्हा. जेवताना समोरच्याचं चावणं ऐकू आलं तरी त्यांचा घास अडायचा. स्वतः तर शिंकसुद्धा अशी द्यायचे, की बघणाऱ्याला वाटावं, माणूस काहीतरी आठवायचा प्रयत्न करतोय.

ही गायिका वयाने लहान, पण हट्टाने मोठी. तिच्या आल्बममध्ये एकही वाद्य नव्हतं. ढोल नाही, झांज नाही, जे काही ते माणसाच्या तोंडून. सोमवारी फायली देताना तिने बजावलं होतं, "दादा, फक्त आवाज एकसारखे करा, बाकी कशाला हात लावू नका." दादांनी मान डोलावली होती. पण जित्याची खोड! मान डोलली तरी बोटांपर्यंत निरोप पोचला नव्हता.

चहा अर्धा झाला तोच तिचा फोन आला.

"दादा, तिसरं गाणं ऐकलंत? त्यातला तो 'च्' कसा वाटला?"

"कुठला च्?"

"अहो, झांजेच्या जागी आहे तो! आणि ढोलाच्या जागी 'हुं'. तेवढ्याला चार महिने लागलेत मला. बरं, फायली जपा हं. काल रात्री माझा कॉम्प्युटर बसला, आता आहे ती तुमच्याकडचीच प्रत. पाचला येते ऐकायला."

दादांनी घाईघाईने तिसरं गाणं लावलं. सूर होते, शब्द होते, ताल तेवढा बेपत्ता. च् म्हणजे तोंडाची चकचक, म्हणून काढला. हुं म्हणजे खाकरणं, म्हणून काढलं. सुस्कारे तर बोलूनचालून श्वासच. आणि जुनी फाइल? 'जुनं ठेवलं की घोळ होतो' हे दादांचंच तत्त्व, येईल त्याला ऐकवायचे. नवी फाइल त्यांनी जुनीवरच चढवली होती. मालकाने काढून टाकलं तर टाकू दे, पण ती पोर दीड वर्ष राबली होती. तिला कोणत्या तोंडाने सांगायचं?

तोंडावरून त्यांना सुचलं, तोंड तर आपल्यालाही आहे. माईकपुढे उभे राहून ते म्हणाले, "च्." काही उमटलंच नाही. "हुं" म्हणाले, तर कोणी सोफ्यावर उशी ठेवल्यासारखं ऐकू आलं. बावीस वर्षं दुसऱ्यांचे आवाज दाबता दाबता त्यांचा स्वतःचाही दबला होता. ते उठले, बसले, परत उठले, खोलीभर फिरले, दोनदा घड्याळ पाहिलं. शेवटी छोटा रेकॉर्डर शर्टाच्या खिशात टाकला आणि मालकाला पोटदुखीचं कारण सांगून घरी निघाले.

बायको घरीच कपडे शिवायची. एका दवाखान्याचे बारा पांढरे कोट संध्याकाळपर्यंत द्यायचे होते. दादा दारात दिसताच तिने मशीनवरून मान वर केली.

"च्! आता काय विसरलात?"

दादा जागीच थिजले. काय तो च्! लखलखीत! आणि नेमका रेकॉर्डर बंद.

त्यांनी खिशात हात घालून तो सुरू केला. "पुन्हा म्हण बघू."

"काय?"

"तेच. च्."

"बरं वाटत नाहीये का तुम्हाला?"

"तसं समज. पण म्हण ना."

"च्," ती म्हणाली. पण हा सांगकाम्या च् होता, त्यात जीव नव्हता.

अस्सल मालाला अस्सल कारण लागतं, हे दादांच्या ध्यानात आलं. ते कामाला लागले. आधी कापून ठेवलेल्या कापडावर चपलेसकट उभे राहिले. "च्! अहो, पाय!" मग लहान बटणांच्या डबीत मोठी बटणं ओतली. च् च् च्! एका दमात तीन, तेही तालात. पण मागे मशीनची घरघर येत होती, आणि आल्बममध्ये यंत्राला बंदी. दादांनी मशीनची पिन उपसली.

"वीज गेली वाटतं... तुम्ही काढलीत?" आणि मागोमाग एक लांबलचक सुस्कारा. पाचव्या गाण्यातल्या वाऱ्याची सोय झाली. राहता राहिला ढोल.

दादांनी धीर करून तिची कापडाची मोठी कात्री उचलली. घराला आग लागली तरी त्या कात्रीने कागद कापायचा नाही, हा नियम लग्नाच्या पहिल्या आठवड्यातला. त्यांनी कालचं वर्तमानपत्र घेतलं आणि मधोमध कापलं.

बायको उठली. कमरेवर हात ठेवून तिने नुसतं त्यांच्याकडे पाहिलं.

"हुं!"

छातीत धडकी भरवणारा ढोल होता तो. दादांनी वर्तमानपत्र पुन्हा एकदा कापलं, कारण एका ठोक्यावर अख्खा आल्बम निघत नाही.

"हुं!!"

"झालं माझं," म्हणून दादांनी कात्री ठेवली आणि जिना उतरून पळाले.

दुपारभर ते एकेक आवाज गाण्यांत बसवत होते. नखं कुरतडून संपली होती. पाचच्या ठोक्याला गायिका आली. तिसरं गाणं लागलं. दादांना खुर्चीत बसवेना.

तिचा चेहरा पडला. "दादा, हे आवाज वेगळे आहेत."

"हो," दादा म्हणाले, "तुझे होते ते मी..."

"म्हणजे तुम्ही ओळखलंत!" ती मटकन खाली बसली. "ते माझे नव्हतेच हो, आईचे होते. मला तो च् जमेचना. म्हणून चार महिने रोज तिला नव्याने सांगायचे, मी नोकरी सोडली म्हणून. फोन उशीखाली रेकॉर्डिंगला लावून. आज जेवताना राहवलं नाही, कबूल केलं. ती म्हणाली, माझा एक च् जरी बाहेर गेला तर घरात पाऊल टाकू नकोस. सगळं काढा म्हणून सांगायलाच धावत आले, तर तुम्ही आधीच काढलंत!"

दादांच्या जिवात जीव आला. उरलेलं वाक्य त्यांनी सराईतपणे गिळून टाकलं.

"आणि हे कुणाचे? किती जिवंत आहेत!"

"आमच्या हिचे."

"त्यांना विचारून घेतलेत ना? नाहीतर मला नकोत. एकदा चोरी केली तेवढी पुरे."

आलेला जीव परत गेला. दादांनी बायकोला फोन लावला. कोट पोचते करून सहाला ती स्टुडिओत आली, तेव्हा दादांनी दोघींसमोर सगळं सांगितलं, पुसलेलंसुद्धा. गायिकेसमोर त्यांनी ते निभावून नेलं असतं, पण बायकोपुढे लपवाछपवी जमण्यातली नव्हती. सांगून झाल्यावर त्यांना एकदम हलकं वाटलं. गायिका तोंडावर हात घेऊन हसू दाबत होती.

बायको हसली नाही. हेडफोन लावून तिने तिसरं गाणं दोनदा ऐकलं.

"माझं नाव छापणार?"

"पहिलं तुमचंच," गायिका म्हणाली.

"मग हे सगळं काढून टाका. मागे मशीन ऐकू येतंय. एक च् तर घाईत झालाय. नव्याने घेऊ, नीट."

दादा लगबगीने पुढे झाले. "घेऊ की! मी काय करू? काय सांडू, काय बिघडवू, तू सांगशील ते."

"तुम्ही काही करू नका," बायको माईकपुढे बसत म्हणाली. "नुसते माझ्यासमोर बसा."