म्हाताऱ्याच्या जागी ऑडी की गोल्फ?

नवी गाडी निवडायला लोकांना महिने लागतात. मी म्हटलं, मी एका शनिवारात निवडून दाखवते, तेही आवाज न चढवता! अहो, जर्मनीतल्या या गिफहॉर्न गावात माझं अर्धं आयुष्य लोकांना गाडी शिकवण्यात गेलंय. गोल चौकात उलटं घुसणाऱ्यांच्या शेजारी बसून मी शांतपणे पेपरमिंट चघळलेलं आहे. डोक्यात कायमची बर्फाची लादी! फक्त माझा भाऊ हेनिंग समोर आला की ती लादी उकळायला लागते, त्याला मी काय करू?

ड्रायव्हिंग स्कूल आम्हा दोघांचं. स्कूलची गाडी इतकी थकली होती की आम्ही तिला 'म्हातारा' म्हणायचो. म्हातारा चढावर धापा टाकायचा, थंडीत खोकायचा आणि रात्रभर उभा केला की सकाळी खाली ओलं सापडायचं. नवी गाडी घ्यायची यावर आमचं एकमत झालं. कोणती, यावर जुंपली!

"ऑडी!" हेनिंग म्हणाला. "हल्लीच्या पोरांना रुबाब लागतो."

"पोरं शिकायला येतात, मिरवायला नाही! फोक्सवॅगनची गोल्फ!"

"तू म्हणजे नुसता पप्पांचा पोपट आहेस, फ्राउके!"

हे मात्र झोंबलं. आमच्या पप्पांनी चाळीस वर्षं वोल्फ्सबुर्गच्या कारखान्यात फोक्सवॅगनला दारं बसवली. आमच्या घरात रविवारी चर्च चुकलं तर चालायचं, पण परक्या गाडीत बसून आलात तर जेवताना कोणी मीठसुद्धा पुढे करायचं नाही. ऑडी तशी फोक्सवॅगनच्याच घराण्यातली, पण पप्पांच्या लेखी ती शहरात जाऊन शेफारलेली चुलतबहीण!

तर माझा बेत असा. शनिवारी दोन्ही गाड्या चालवून बघायला आणायच्या. ऑडी मी चालवणार, म्हणजे तिच्या खोडी काढता येतील. गोल्फ हेनिंग चालवणार, म्हणजे त्याची खोड मोडेल. शेवटी पप्पांकडे कॉफी, आलुबुखारचा केक आणि शांतपणे निर्णय. ऑडी झुडपांच्या कुंपणाबाहेरच ठेवायची, पप्पांना पत्ता लागू द्यायचा नाही.

मी ऑडीत बसले. पाठीशी सीट हळूच गरम झाली. मला राग आला. रागाच्या भरात एक बटण दाबलं, तर सीट माझी पाठ चेपायला लागली! माझं लग्न झाल्यापासून माझी पाठ कोणी चेपलेली नाही, हो! मी इतकी चिडले, इतकी चिडले, की वाट वाकडी करून आणखी एक फेरी मारून आले.

पप्पांच्या घरासमोर पोचले तर हेनिंग गोल्फ आत लावून शीळ घालत उभा. हा माणूस सुखात असल्याशिवाय शीळ घालत नाही!

"कशी वाटली?" मी विचारलं.

"भिकार!" तो म्हणाला, आणि गोल्फच्या छतावरून मांजराच्या पाठीवरून फिरवावा तसा हात फिरवला. "तुझी?"

"नुसता देखावा!"

दोघंही धडधडीत खोटं बोलत होतो. पण माघार कोण घेणार? कुंपणाशी उभे राहून आम्ही मनातून उतरलेल्या बाजूसाठी घसा ताणून भांडायला लागलो.

"ते राहू दे, आधी म्हाताऱ्याचं काय करायचं ते बोल!" हेनिंग ओरडला.

"काय करायचंय? आता तो कुणाच्या कामाचा नाही! कुणी फुकट नेला तरी मी सुटले!"

"मग एकदाचं ठरव, प्रीमियम की साधं?"

"साधं! साध्यात काय वाईट आहे? ऊब मिळते, खिडक्या आहेत!"

"प्रीमियममध्ये मसाजसुद्धा मिळतो!"

"कोणाला हवाय तुझा मसाज! सोमवारी म्हातारा बाहेर म्हणजे बाहेर!"

कुंपणापलीकडे स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडी होती. आतून केकसाठी क्रीम फेटल्याचा आवाज येत होता. तो थांबला. आम्हाला कशाला कळतंय!

भांडत भांडतच आम्ही मागच्या दारानं आत गेलो. टेबलावर केक, केकवर गांधीलमाश्या, पप्पांचा पत्ता नाही. इतक्यात बाहेर गाडी सुरू झाली.

"माझी पर्स!" मी किंचाळले. पर्स ऑडीच्या सीटवर, किल्ली पर्समध्ये!

"पण स्वतःची गाडी सोडून पप्पा तुझी कशाला घेतील?"

"कारण तुझी गोल्फ त्यांच्या गॅरेजच्या दारात आडवी पडली आहे, गाढवा!"

आम्ही गोल्फमधून मागे सुटलो. हेनिंग चालवत होता, मी शिव्या देत होते.

"त्यांना ऑडीचं कळलं," तो पांढराफटक पडून म्हणाला. "आता मेलो आपण."

"तू मेलास! ऑडी तुला हवी होती!"

गावाबाहेरच्या वळणावर ऑडी दिसली. नाकासकट बीटच्या शेतात! आत पप्पा, ताठ बसलेले, दोन्ही हात स्टिअरिंगवर. मी दार उघडलं.

"पप्पा! लागलं का कुठे?"

"इथे लागलंय!" त्यांनी छातीवर थाप मारली.

"आमचं चुकलं," मी म्हटलं. "तुम्हाला आधी विचारायला हवं होतं."

"आम्ही नुसतं बघून आलो, पप्पा," हेनिंग पुटपुटला. "अजून कुठेही सही केलेली नाही."

"बघूनही आलात?"

"दोन्ही. साधंही आणि प्रीमियमही."

पप्पांची हनुवटी थरथरली. इतक्या वर्षांत मी ती थरथरताना पाहिली नव्हती, आईला पोचवलं तेव्हाही नाही.

"मला साध्यातच टाका," ते म्हणाले. "मसाज-बिसाज नको. फक्त खोलीची खिडकी कारखान्याच्या चिमण्यांकडची मागून घ्या. सकाळी उठून त्या दिसल्या की बरं वाटतं."

हेनिंगनं माझ्याकडे पाहिलं. मी हेनिंगकडे.

"साध्या... कशात, पप्पा?"

"वृद्धाश्रमात! आणखी कशात! सगळं ऐकलंय मी! म्हातारा कामाचा नाही, म्हातारा बाहेर!"

मला रडू फुटलं, आणि रडू फुटलं म्हणून भयंकर राग आला. "अहो, म्हातारा म्हणजे गाडी! स्कूलची जुनी गाडी! तुम्हाला कोण कुठे टाकतंय? टाकून तर बघू दे कोणाला, हात मोडीन त्याचे!"

 पप्पांनी इतका लांब श्वास सोडला की समोरची काच धुरकटली. मग ते लाल व्हायला लागले. कानांपासून सुरुवात झाली.

"गाडी?! गाडीवरून भांडत होतात? गाडीत निवडायचं काय असतं?!" शेतातले कावळे उडाले. "आणि हिच्यात कोण बसणार होतं? बटणाला हात लागला तर मागून गुद्दे घालते! मला वाटलं मागे कोणी बसलंय! वळून बघतोय तोवर रस्ता निघून गेला!"

"हेनिंग बसणार होता!" मी लगेच सांगितलं.

"चालवत कोण होतं?" हेनिंग म्हणाला.

"गोल्फ!" पप्पांनी स्टिअरिंगवर मूठ आपटली. "विषय संपला! आता मला बाहेर काढा!"

शेतमालक बोडेंनी ट्रॅक्टर लावून ऑडी ओढली, आणि त्यांच्या बीटच्या पाल्याबद्दल आम्हाला मनसोक्त झापलं. गाडी परत करताना शोरूमचा माणूस गाडीला चिकटलेल्या त्या पाल्याकडे बघत राहिला. चूक आमची होती, तरी त्याच्यावरसुद्धा मी खेकसलेच.

सोमवारी गोल्फ ठरली. हेनिंग तोंड पाडून हिंडला आणि बाथरूममध्ये जाऊन शीळ घालत बसला. मी जिंकले होते! ओळखीपाळखीचे सगळे अभिनंदन करायला लागले, आणि प्रत्येकाच्या तोंडावर मी दार आपटलं.

परवा त्या शोरूमवर गेले होते. टायरची चौकशी करायची होती. ऑडी समोरच उभी होती, म्हणून आत बसून चौकशी करावी म्हटलं. चौकशीला जरा वेळ लागला. डोळे उघडले तेव्हा तोच माणूस काचेवर टकटक करत होता.

"हार्म्सबाई," तो अगदी अदबीनं म्हणाला, "टायर गाडीच्या बाहेर असतात."