‘काढा’ म्हणजे नक्की काय काढा

खग्रास ग्रहणाच्या दिवशी गच्चीवर हुकमाचा एकच शब्द वापरायचा, असं कारकुनाने ठरवलं, आणि तिथेच माशी शिंकली.

कचेरीत त्याला अचूकराव म्हणत. (कौतुकाने म्हणतात, असा त्याचा समज होता.) गच्चीवर तीन दुर्बिणी, तिन्हींवर कॅमेरे: एक त्याच्याकडे, एक बायकोकडे, एक थोरल्या बहिणीकडे. सूर्य पुरता झाकला जाणार तो दोन मिनिटं. तेवढ्यात तिघांनी एकदमच आधी दुर्बिणीवरचा काळा फिल्टर काढायचा, मग फोटो काढायचा. लांबलचक हुकमांना वेळ कुठला? म्हणून नुसतं ‘काढा’. पहिल्यांदा फिल्टर, दुसऱ्यांदा फोटो.

हा सगळा खटाटोप वडिलांसाठी होता. ते घड्याळजी, आकाश बघायला त्यांनीच त्याला शिकवलं. आता खालच्या खोलीतल्या पलंगावरून त्यांना उठवत नव्हतं, आणि पुढचं ग्रहण त्यांच्या वाट्याला येणार नाही हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. फोटो आणून दाखवतो, असा त्याने शब्द दिला होता.

भर दुपारी अंधारलं. त्याला खाली पडून असलेले वडील आठवले. “काढा,” तो कसाबसा म्हणाला. आवाज फुटला नाही, म्हणून पुन्हा म्हणाला, “काढा.”

बायकोला पहिलं ऐकूच आलं नव्हतं. तिने फिल्टर काढला आणि पुढच्या हुकमाची वाट बघत उभी राहिली. बहिणीने दोन्ही ऐकली, आणि घाईघाईने फिल्टरसकट फोटो काढला. काळाकुट्ट.

“ताई, काढ ना.”

“काढला की.”

“अगं तो नाही, तो काढ.”

फिल्टर काढलाय असाच तिचा समज होता, फोटोही काढून झाला होता, तेव्हा उरला कॅमेरा. तिने स्क्रू सैल करून तो काढला. नणंदेने काढला म्हणून बायकोनेही काढला. दोघींना आवरता आवरता स्वतःच्या दुर्बिणीवरचा फिल्टर तसाच राहिलाय हे त्याच्या लक्षात आलं, तोवर ऊन पडलं होतं.

पडल्या चेहऱ्याने तो खाली गेला. वडिलांच्या उशाशी बसून त्याने सगळं खरं सांगितलं, आणि सांगताना त्याला रडू आलं. वडिलांनी नुसतं भिंतीकडे बोट केलं. खिडकीच्या पडद्याला भोक होतं (ते शिवून आणा, असं बायको दोन वर्षं सांगत होती). त्यातून आलेली सूर्याची कोर भिंतीवर पडली होती आणि हळूहळू भरत होती. वडील तासभर तीच बघत होते.

मग मुलाचा हात हातात घेऊन ते म्हणाले, “फिल्टर काढला, कॅमेरे काढले. घराण्याचं नाव काढायचं तेवढं राहिलं बघ.”