उसन्या सिस्टर

माणिकरावांच्या जावयाच्या नव्या दवाखान्यात सगळं होतं. भिंतींना गुलाबी रंग होता, खुर्च्यांना रेक्झीन होतं, दारावर रात्री पेटणारी पाटी होती. नव्हत्या त्या फक्त सिस्टर, आणि उद्घाटन तासाभरावर आलेलं. म्हणून माणिकराव जीप घेऊन थेट सरकारी दवाखान्यात आले. कडूबाई सिस्टर आणि तिची जोडीदारीण, दोघींनी पांढऱ्या साडीत जावयाच्या दारात उभं राहायचं आणि पाहुण्यांवर गुलाबपाणी शिंपडायचं, असं त्यांनी सांगून टाकलं.

सोनपेठच्या वाटेवरच्या त्या बाजाराच्या गावात सरकारी दवाखाना म्हणजे या दोन सिस्टर आणि एक आया. डॉक्टरची जागा कधीचीच रिकामी होती. माणिकराव पंचायत समितीचे सदस्य. ती जागा भरा म्हणून ते दर बैठकीत टेबल बडवत आणि चहा आला की थांबत. कडूबाई म्हणाली की बायनाबाई नावाची पहिलटकरीण आत कळा देतेय, तिला सोडून कसं यायचं?

माणिकराव समजुतीनं हसले. "बाया शेतात बी बाळंत व्हत्यात की. न्हाईच जमलं तर गोदावरीच्या पल्याड उपकेंद्र रिकामं हाय. तिथं तुमची लय गरज हाय."

कडूबाईच्या दोन मुली गावातल्या शाळेत जात होत्या. पलीकडे शाळा नव्हती. बायनाबाईला आयाच्या हवाली करून ती जोडीदारणीसोबत जीपमध्ये बसली.

मांडव गच्च भरला होता. माणिकराव लाउडस्पीकरवरून सरकारी दवाखान्याची पिसं काढू लागले. तिथं सिस्टर कधी जागेवर नसतात, असल्या तर वसकन अंगावर येतात, म्हणून आता गरिबानंही खाजगीचं तोंड बघितलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं. मग त्यांनी मागं हात केला आणि जावयाच्या सिस्टर किती हसऱ्या आहेत ते बघायला सांगितलं. कडूबाई गुलाबदाणी धरून हसली. निम्म्या गावाला तिनंच सुया टोचल्या होत्या, त्यामुळे ओळख सगळ्यांनाच पटली. पण भाषणानंतर जेवण होतं, म्हणून कोणी काही बोललं नाही.

सेवा या शब्दावर माणिकरावांनी शेजारच्या बांबूवर मूठ आपटली. बांबू सेवाभावी नसावा. तो कलला, त्याच्यासोबत कमान कलली आणि 'सुस्वागतम्'ची लाकडी पाटी माणिकरावांच्या कपाळावर उतरली. भुवईच्या वर चांगली चीर पडली.

जावई डॉक्टर धावले. कडूबाईनं औषधांचं कपाट उघडलं. खोकी झकास मांडलेली होती; मात्र सगळी रिकामी. दुकानदारानं ती शोभेपुरती दिली होती, माल परभणीहून यायचा होता. सुई नाही, दोरा नाही, कापूसही नाही. जावई सासऱ्याकडं बघत राहिले आणि सासरे कमानीकडं.

"आमच्याकडं हाय सगळं," कडूबाई म्हणाली. "चला."

सरकारी दवाखान्याच्या दारातच बायनाबाईचं ओरडणं ऐकू आलं. टेबल एकच होतं आणि त्याच्यावर ती होती. कडूबाईनं हात धुतले, डॉक्टरांनाही आत ओढलं. माणिकरावांनी विचारलं, मग माझं काय?

"रुमाल दाबून बसा, साहेब. तुमी मरनार न्हाई."

माणिकराव व्हरांड्यातल्या बाकावर बसले. शेजारी बायनाबाईची सासू सरजाबाई बसली होती. लांबच्या वस्तीवरची बाई; पुढारी तिनं नावानंच ऐकलेले. तिनं मायेनं विचारलं, "कुनी मारलं, दादा?"

"कमान पडली."

"निस्तं डोस्कंच फुटलं, बरं झालं." मग ती मन मोकळं करू लागली. "सून सकाळधरनं वरडायलीय, आन् मी गूळ आनाया गेल्ते तवर शिष्टर नेल्यात कुन्या माणिकरावाच्या जावयाच्या दारात पानी शिंपायला. त्या मुडद्याचं थोबाड एकडाव बघायचंय मला. तुमी वळखता का त्याला?"

माणिकरावांनी उपरणं नाकापर्यंत ओढलं आणि आपण मानवत गावचे आहोत असं सांगितलं. तेवढ्यात कार्यकर्ते शोधत आले, त्यांना त्यांनी लांबूनच हात हलवून परत पाठवलं. पुढं बराच वेळ ते स्वतःविषयी ऐकत होते. मधेमधे मानही डोलवावी लागत होती.

नातू झाला. सरजाबाईनं गुळाचा खडा पहिल्यांदा त्यांच्याच तोंडात घातला.

टाके पडले, जखम भरली, पण ही हकीगत गावभर झाली. पुढच्या बैठकीत माणिकरावांनी कडूबाईला बोलावून घेतलं आणि लोकप्रतिनिधी जखमी झाला तेव्हा दवाखान्यात एकही सिस्टर का नव्हती, असा जाब विचारला.

"मी तुमच्याच मागं उभी होते, साहेब," ती म्हणाली. चहा त्या दिवशी लवकर आला.

गुलाबी दवाखान्यात पेशंट काही फिरकेनात. तेव्हा माणिकरावांनी जोर लावून सरकारी दवाखान्यातली डॉक्टरची रिकामी जागा भरून घेतली. जावयानंच. सत्काराच्या भाषणात त्यांनी खाजगीवाल्यांना लुटारू म्हटलं आणि सरकारी दवाखाना ही गरिबाची माय आहे, असं सांगून उपरण्यानं डोळेही टिपले.

दुसऱ्या दिवशी सरजाबाई तापलेल्या नातवाला घेऊन आली. डॉक्टरांनी त्याच्या कपाळाला हात लावला. "इथं फार गर्दी आहे, मावशी. संध्याकाळी गुलाबी दवाखान्यात आणा, नीट बघतो."

सरजाबाईनं कडूबाईकडं बघितलं. "मी तर शिष्टरबाईच्या भरवशावर आल्ते."

"त्या पण संध्याकाळी तिकडंच असतात आता," डॉक्टर म्हणाले.

ही बातमी कडूबाईला सरजाबाईच्या सोबतच कळली.